उत्तरे ग्रुपवर टाकू नका



शब्दकोड्यावर लेख लिहायचा म्हटले तेव्हा घरात हसले सगळे. म्हणे, हा काय विषय झाला? पण आपल्या मंडळाच्या मागच्या स्पर्धेचे कागद तपासायला माझ्याकडे आले होते आणि ते बघून जे वाटले ते बोलल्याशिवाय राहवत नाही.

कोडे सामान्यज्ञानाचे होते. एक सूचना अशी: 1999 साली हिंगोली जिल्हा कोणत्या जिल्ह्यातून वेगळा झाला? घरे चार. उत्तर परभणी. बहुतेक कागदांवर काय होते सांगू? ‘नांदेड’, आणि चौथे घर मोकळे! एकीच्याही मनात आले नाही की घर रिकामे राहते आहे म्हणजे काहीतरी चुकते आहे. कारण कोडे कोणी सोडवलेच नव्हते. ग्रुपवर फोटो आला, तो उतरवून काढला, झाले.

त्या गठ्ठ्यात एक कागद वेगळा होता. आमच्या विष्णुपुरीतल्याच एका काकूंचा, सातवीपर्यंत शिकलेल्या. खाडाखोड इतकी की दोन ठिकाणी कागद फाटायला आला होता. त्यांच्या कागदावर परभणी होते. कसे सापडले विचारले, तर म्हणाल्या, “उभ्या शब्दातून ‘भ’ आला गं, मग नांदेड कसं बसेल?” चार दुपारी त्यांनी त्या कोड्यावर घालवल्या होत्या. त्यांच्या दोन सूचना राहिल्या, म्हणून बक्षीस मात्र पूर्ण भरलेल्या दुसऱ्याच कागदाला गेले. नियमाने बरोबर असेल. मला ते पटलेले नाही.

काहीजणी म्हणतात, त्यात काय एवढे, टाइमपास तर आहे. मला तसे वाटत नाही. आपल्यातल्या किती बायकांचे शिक्षण लग्नामुळे दहावी-बारावीला थांबले ते आपल्याला माहीत आहे. पुढे घरात कोणी आपल्याला राजधानी, नदी, साल विचारत नाही. भाजी संपली का, एवढेच विचारतात. कोडे विचारते. आणि सर्टिफिकेट मागत नाही.

शिवाय आपले मराठी कोडे फार हुशारीचे आहे. कोड्याचा जन्म तिकडचा. 1913 च्या डिसेंबरात आर्थर विन नावाच्या माणसाने न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात पहिले कोडे छापले, चौकटीच्या पानासारख्या आकाराचे. इंग्रजीत एका घरात एक लेटर बसते, नांदेडला सहा घरे लागतात. आपल्याकडे तीन: नां, दे, ड. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळे त्याच घरात. ‘दे’वरून खाली देगलूर उतरते, पण दापोली उतरणार नाही. म्हणजे आडव्या-उभ्याची गाठ पडायला व्यंजनही जुळावे लागते आणि स्वरही. आपल्या गावाचेच बघा. विष्णुपुरीच्या ‘ष्णु’तून खाली कोणता शब्द काढाल? मला सहिष्णुता सापडला. (नुसता ‘विष्णू’ चालत नाही, तो दीर्घ. ऱ्हस्व-दीर्घाला नावे ठेवणाऱ्या सुनांनी हे लक्षात घ्यावे!)

आता कोणी म्हणेल, फोनवर शोधले तर बिघडले कुठे? शोधा की. डिक्शनरी बघतो, मुलांना विचारतो, तसाच फोन. शोधणाऱ्याला निदान वाचावे तरी लागते. माझा राग आयत्या फोटोवर आहे. आणि फोटोतले उत्तर जुने असू शकते, हा आणखी एक धोका. सामान्यज्ञान म्हणजे कायमचे ज्ञान नव्हे. मराठवाडा 1948 साली मुक्त झाला तेव्हा जिल्हे पाच होते. जालना 1981 ला, लातूर 1982 ला आणि हिंगोली 1999 ला झाले, आता आठ. पाच घरांचे उस्मानाबाद चार घरांचे धाराशिव झाले. नांदेडच्या शेजारचे राज्य 2014 पर्यंत आंध्र प्रदेश होते, आता तेलंगणा. 2006 पर्यंत नववा ग्रह प्लूटो लिहीत होतो, आता तो ग्रहांत धरत नाहीत. जुन्या पुस्तकातल्या सूचना उचलून कोडी बनवणाऱ्यांनीही हे बघायला हवे.

आपल्या धार्मिक कोड्यांत तर याहून जपावे लागते. त्रिशलामातेची स्वप्ने किती? दिगंबर घरातली मुलगी सोळा लिहील, श्वेतांबर घरातली चौदा. दोघी बरोबर. एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ हे एका परंपरेत पुरुष, दुसरीत मल्ली ही राजकन्या. कोड्यात उत्तराला जागा एकच असते. आपल्या मंडळात दोन्हीकडच्या बायका आहेत, मग असली सूचना घालायचीच कशाला? घालायची तर ‘दिगंबर परंपरेनुसार’ एवढे दोन शब्द आधी लिहावेत. चौकटीत बसले नाही म्हणून एखादीच्या घरचे शिकवणे चूक ठरता कामा नये.

पुढच्या वेळी माझे म्हणणे असे. कागद घरी द्यायचाच नाही. दुपारी स्थानकात किंवा मंदिराच्या सभागृहात सगळ्यांनी एकत्र बसायचे, तास-दीड तास, सासूबाईंनाही घेऊन. दोघी-दोघींची जोडी केली तरी चालेल, एक जुनी, एक नवी. आणि सूचना आपणच तयार करायच्या. तयार कोड्यांत गंगा-यमुना दरवेळी असतात, आपली गोदावरी क्वचित. पावसाळ्यात आमच्या धरणाचे दरवाजे उघडले की अख्खे नांदेड काळजीत पडते, पण ‘शंकरसागर’ मी आजवर एकाही कोड्यात पाहिलेला नाही.

सुरुवात मीच करते. ऋषभदेवांनी आपल्या एका मुलीला अक्षरे शिकवली आणि लिपीला तिचेच नाव मिळाले, असे आपण मानतो, दोन्ही परंपरा मानतात. त्या मुलीचे नाव काय? घरे दोन, दोन्हींत जोडाक्षर. पाच घरांच्या एखाद्या गावाच्या नावात तिला गुंफून दाखवा. उत्तर मला वेगळे पाठवा, ग्रुपवर नको.