बाटली काढण्याआधी वय विचारा

पाऊस उघडून रात्री गार पडू लागल्या की मेहकरच्या मेडिकलवर दिवसभर एकच मागणी ऐकू येते : "भाऊ, लेकराले लई खोकला येऊन राह्यला, एक चांगली शिशी द्या." माणूस डोणगावहून नाहीतर जानेफळहून आलेला असतो, त्याला परतीची गाडी पकडायची असते, आणि त्याच्या मागे आणखी चार जण उभे असतात. आपला, म्हणजे फार्मासिस्टचा, हात सवयीने फळीवर जातो. लेकरू सहा वर्षांचे की सहा महिन्यांचे, हे विचारायचे राहून जाते.

या प्रश्नाला आता सरकारी आदेशांचा आधार आहे. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, ही सूचना लेबलावर छापा, असे देशाच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये उत्पादकांना बजावले. एप्रिल २०२५ मध्ये ते राजपत्रातही आले. ३ ऑक्टोबर २०२५ ला केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्यापुढे जाऊन सांगितले की, दोन वर्षांखालील बाळांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहूही नयेत आणि देऊही नयेत. पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. अमेरिकेत उत्पादकांनीच २००८ मध्ये लेबलावर चार वर्षांची रेघ ओढली, ब्रिटनने २००९ मध्ये सहा वर्षांची. आपण उशिरा सुरुवात केली, आणि खरे जागे झालो ते परासियातल्या बालमृत्यूंनंतर.

मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागातली मुले मूत्रपिंडे निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली, तेव्हा ही बातमी आपल्या विदर्भाच्या दारात आली. वीसहून अधिक मुले गेली, बहुतेक पाच वर्षांखालची. तमिळनाडूत कांचीपुरमला तयार झालेल्या 'कोल्ड्रिफ'च्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघाले ४८.६ टक्के, ०.१ टक्क्यापलीकडे ते चालत नाही. हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून आले होते. १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीने औषध प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली.

विष कारखान्यात मिसळले गेले. काउंटरवर उभ्या असलेल्या फार्मासिस्टला ते डोळ्यांनी दिसणार नव्हते, हे मान्य. पण ती बाटली अगदी शुद्ध असती तरी? तिच्यात पॅरासिटामॉलसोबत तेच क्लोरफेनिरामाइन आणि तेच फेनिलेफ्रिन होते. म्हणजे चार वर्षांखालच्या मुलाच्या हाती ती पडायलाच नको होती. कारखान्याच्या गुन्ह्यावर आपण महिनाभर तावातावाने बोललो; या दुसऱ्या गोष्टीवर आपल्या तालुका बैठकांत फारसे कोणी बोलले नाही. तीच मात्र सर्वस्वी आपल्या हातातली होती.

ज्यांना हा सगळा कागदी सोपस्कार वाटतो, त्यांनी याच मिश्रणाच्या ड्रॉपची बाटली हातात घेऊन लेबल वाचावे. एका मिलिलिटरमध्ये क्लोरफेनिरामाइन २ मिलिग्रॅम, फेनिलेफ्रिन ५ मिलिग्रॅम. ड्रॉपर हरवला आणि आजीने घरच्या चमच्याने पाच मिलिलिटर पाजले, तर आकडे होतात १० आणि २५. मोठ्या माणसाचा एका वेळचा डोस साधारण ४ आणि १० असतो. धडधाकट बापाच्या डोसाच्या अडीचपट औषध आठ किलोच्या लेकराच्या पोटात! पॅरासिटामॉलचे तेच. ड्रॉपमध्ये मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, साध्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२०-१२५. त्यात तापाची बाटली वेगळी दिली आणि सर्दीच्या बाटलीतही पॅरासिटामॉल असले, तर आई दोन्ही इमानेइतबारे पाजते. लेकरू गुंगते, रडायचे थांबते; घरच्यांना वाटते, आराम पडला.

आणि एवढे करून गुण तरी येतो का? लहान मुलांत या मिश्रणांचा उपयोग साध्या गोड पाण्यापेक्षा फार वेगळा असल्याचा भक्कम पुरावा नाही. सर्दी आपल्या वेळेने बरी होते. श्रेय बाटलीला जाते.

आपल्यातले अनेक जण म्हणतील, डॉक्टरांची चिठ्ठी असते, आम्ही काय करणार? परासियातही चिठ्ठ्या होत्याच. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने चिठ्ठी तपासणे, शंका आल्यास डॉक्टरांशी बोलणे आणि रुग्णाला समजावणे हे आपले काम म्हणून लिहून ठेवले आहे. दीड वर्षाच्या बाळाला हे मिश्रण लिहिलेले दिसले, तर दवाखान्यात फोन लावा. डॉक्टर एखादे वेळी चिडतील, चिडू द्या.

बिनचिठ्ठीच्या विक्रीचा गोंधळ मात्र कायद्यानेच घातला आहे. 'ओव्हर द काउंटर' असा स्वतंत्र वर्ग आपल्या औषध कायद्यात नाही. शेड्युल एच, एच-वन आणि एक्स यांत जे नाही, ते विनाचिठ्ठी विकता येते, अशी ही उरलीसुरली मोकळीक. वर शेड्युल 'के'ने हजारापर्यंत वस्तीच्या गावात खोकल्याची सिरपे परवान्याशिवायही विकू दिली. त्या यादीतून सिरप वगळण्याचा केंद्राचा प्रस्ताव योग्य आहे. किराणा दुकानातल्या बाटलीला वय कोण विचारणार?

बाटली नाकारली तर त्या बापाला रिकाम्या हाताने पाठवायचे का? नाही. नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे साधे नेझल ड्रॉप द्या. अंगावरचे दूध सुरू ठेवायला सांगा. वर्ष उलटलेल्या मुलाला चमचाभर मध चालेल. त्याआधी मध अजिबात नाही. आणि श्वास मोजायला शिकवा, मूल शांत असताना, पूर्ण मिनिटभर. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरला, छाती आत ओढली जात असली किंवा बाळ दूध पीत नसले, तर थेट दवाखाना. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने जेमतेम शिकलेल्या गावकऱ्यांकडून श्वास मोजून न्यूमोनिया ओळखून दाखवला आहे. आपण तर फार्मसीची पदविका-पदवी घेऊन बसलो आहोत.

धंद्याचेही बोलू. ऐन हंगामात ही बाटली नफ्याची असते, आणि आपण नाही दिली तर शेजारचा देतो. म्हणूनच एकट्याने नाही, तालुक्यातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावे. वयोमर्यादेचा फलक काउंटरवर लावा. ड्रॉपचे खोके पुढच्या फळीवरून मागे न्या. लहान मुलाच्या प्रत्येक बिलावर नावापुढे वय आणि वजन लिहायला सुरुवात करा, आणि ते लिहिल्याशिवाय बाटली खाली काढू नका.