शेतकऱ्यानें कोणती बंदूक घ्यावी?

रात्रभर माळ्यावर बसून पत्र्याचे डबे वाजवावे आणि पहाटे डोळा लागतांच डुकरांनीं भुईमुगाचें अर्धें वावर उकरून टाकावें, हा अनुभव ज्यानें घेतला आहे त्याच्या मनांत बंदुकीचा विचार येणें स्वाभाविक आहे. परंतु अलीकडे मजकडे सल्ल्यास येणाऱ्या तरुण मंडळींचा प्रश्न जरा निराळा असतो. मोबाइलवर त्यांनीं अमेरिकेंतील शेतकऱ्याच्या हातांतली, चापाभोंवतीं खालींवर होणारी कडी असलेली छोटी रायफल पाहिलेली असते, आणि “तसली एखादी स्वस्तांतली मिळेल काय?” असें ते विचारतात. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत कारकुनी करतांना परवान्यांचीं दफ्तरें बरींच वर्षें हाताळलीं आहेत. त्या अनुभवाच्या आधारें चार शब्द लिहितों.

प्रथम ती वस्तु काय आहे तें पाहूं. कडी खालीं ओढून पुन्हां वर दाबली, कीं रिकामें काडतूस बाहेर पडतें, नवें आंत जातें आणि घोडा चढतो. जादा काडतुसें नळीखालच्या दुसऱ्या बारीक नळींत ओळीनें बसतात. काडतुसाचा पेटता मसाला बुडाच्या मध्यभागीं नसून कडेच्या घडींत असतो. त्यामुळें तें स्वस्त पडतें, मात्र एकदां उडालें कीं पुन्हां भरतां येत नाहीं. अशा धर्तीची हेन्री रायफल १८६० सालची; मार्लिन कारखान्याची पॉइंट बावीसची १८९१ सालची. हल्लीं तेथें हेन्री हेंच नांव घेतलेल्या नव्या कंपनीची साधी रायफल, जी १९९७ पासून निघते, चारशें डॉलरांच्या आसपास मिळते. सशासाठीं, खारीसाठीं व निशाणबाजीसाठीं तेथील शेतकरी ती वापरतो, आणि त्या कामास ती उत्तमच आहे.

आतां आपल्या बांधावर येऊं. या रायफलीची गोळी चाळीस ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमांहून किंचित् जड. भरल्या अंगाच्या रानडुकरास ती जखमी करते, जाग्यावर पाडीत नाहीं. उलट नेम चुकला तर तीच गोळी मैलभर पलीकडे माणसास लागूं शकते. आमच्या तालुक्यांत सह्याद्रीच्या पायथ्याशीं घडलेली एक गोष्ट मला विसरतां येत नाहीं. एका खातेदारानें पाहुण्याची पॉइंट बावीस घेऊन रात्रीं डुकरावर बार काढला. जनावर लंगडत उसांत शिरलें. सकाळीं शेजारच्या शेतांत निंदणीस आलेल्या बाईची मांडी त्यानें फाडली. तहसीलदारसाहेबांबरोबर मी तेथें गेलों होतों. बाई वांचली, पण पुन्हां निंदणीस बसूं शकली नाहीं. पाहुण्याची रायफल जप्त झाली आणि खातेदार कोर्टाच्या पायऱ्या झिजवूं लागला. बंदूक स्वस्त होती. बार महाग पडला.

गंमत अशी कीं, हा निवाडा कायद्यानें आधींच करून ठेविला आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचें तेरावें कलम वाचावें. पिकाच्या रक्षणासाठीं त्यांत ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती अपुरी आहे अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकहि देतां येते. पॉइंट बावीस रायफल त्याच कलमांत आहे, पण ती रायफल क्लबच्या सभासदास निशाणाच्या सरावासाठीं. शिवाय १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी हत्यारांची खाजगी आयात बंद झाल्यामुळें कडीची रायफल येथें मिळालीच तर जुनी, चढ्या किंमतीची आणि सुट्या भागांवांचून अडणारी असावयाची.

माझें मत स्पष्ट आहे. ज्यास खरोखर गरज आहे त्यानें बारा बोअरची साधी एकनळी पाहावी. जुनी घेतांना नळी उजेडाकडे धरून आंत गंजाचे खड्डे आहेत काय तें बघावें. सांधा खिळखिळा नसावा, घोडा अर्ध्यावर घट्ट राहावा, आणि नळीवरचा नंबर कागदावरच्या नंबराशीं अक्षरशः जुळावा. ठासणीची स्वस्त खरी, पण पावसांत दारू सर्दते. म्हणून अर्जासोबत सातबारा, पिकांचा तपशील व नुकसानीचे पंचनामे जोडून ठासणी कां पुरत नाहीं तें स्पष्ट लिहावें. मोघम अर्ज दफ्तरांत पडून राहतात, हें मी स्वतः पाहिलें आहे. विनापरवाना गांवठी बंदुकीच्या वाटेस तर कोणीं जाऊंच नये.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालीं रानडुक्कर संरक्षित प्राणी आहे. १ एप्रिल २०२३ पासून तें दुसऱ्या अनुसूचींत आहे. उभ्या पिकास धोका असेल तर अकराव्या कलमाखालीं वन खात्याचा लेखी हुकूम मिळूं शकतो. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वांचविणें हा गुन्हा नाहीं. पण पीक वांचविण्यासाठीं हुकुमावांचून बार काढणें हा गुन्हाच आहे.

तेव्हां घरोघर बंदुका घेण्यापेक्षां गांवानें एकत्र यावें. दोन-तीन शांत डोक्याच्या, नेम पक्का असलेल्या परवानाधारकांच्या नांवें सर्व पीडित खातेदारांनीं मिळून वन खात्याकडे हुकुमाची मागणी करावी. आपल्या संघानें अर्जांचे नमुने छापून द्यावे. आणि सरकारनेंहि ध्यानांत घ्यावें कीं, काढणी उरकल्यावर हातीं पडलेल्या हुकुमाचा शेतकऱ्यास कांहीं उपयोग नाहीं. अर्जाचा निकाल पीक शेतांत उभें आहे तोंच लागला पाहिजे.