हसवणारा दुकानात बसला

आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात शेलापागोटे वाचण्याचे काम प्रथम वर्षापासून माझ्याकडे आहे. माझा आवाज जरा खर्जातला आहे आणि गंभीर चेहऱ्याने चावट वाक्य म्हणता येते, एवढीच काय ती माझी पात्रता. परंतु तेवढ्या पात्रतेवर गेल्या वर्षी मला एक 'काम' मिळाले. गावातल्या एका कापड दुकानाच्या मालकांनी बोलावून घेतले आणि म्हणाले, "आमच्या सेलची जाहिरात तुझ्या आवाजात करून दे. मात्र लोक हसले पाहिजेत." मी ती केली. पुढे महिनाभर रिक्षाच्या टपावरच्या कर्ण्यातून माझा आवाज गावभर 'शेवटचा आठवडा! शेवटचा आठवडा!' असे ओरडत फिरत होता. मला पाचशे रुपये मिळाले. कँटीनमध्ये त्यातल्या दोनशे रुपयांची भजी खाऊन झाल्यावर माझा एक मित्र हात पुसत म्हणाला, "विकला गेलास रे तू!"

भजी खाऊन झाल्यावर आलेला निकाल म्हणून मी तो हसण्यावारी नेला. परंतु तो मनातून काही जाईना. शेवटी आमच्या इंग्रजीच्या सरांपुढे गाऱ्हाणे मांडले. सर म्हणाले, "निकाल देण्याआधी पुरावा ऐकावा. तुझ्याआधी हाच खटला एका मोठ्या माणसावर चालला आहे." आणि त्यांनी मला स्टॅन फ्रीबर्गच्या ध्वनिमुद्रिका ऐकायला लावल्या. त्या ऐकून आणि त्याच्याविषयी वाचून जे मत झाले, ते येथे मांडतो.

फ्रीबर्ग हा अमेरिकन. कॅलिफोर्नियात 1926 साली एका बाप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या घरी जन्मला आणि 2015 साली, वयाच्या 88व्या वर्षी वारला. विशीच्या आतच तो हॉलिवूडच्या व्यंगचित्रपटांना आवाज देऊ लागला. 1951 साली त्याची 'जॉन अँड मार्शा' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यात एक पुरुष आणि एक स्त्री फक्त एकमेकांची नावे घेतात, दुसरा शब्द नाही. आणि एवढ्यात प्रेम, भांडण, अश्रू, समेट सारे होऊन जाते. दोन्ही आवाज त्याचेच. 1953 साली एका लोकप्रिय पोलिसी मालिकेची नक्कल करून त्याने संत जॉर्ज आणि राक्षसाची गोष्ट सांगितली, ती अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. थोडक्यात, हा मनुष्य नुसत्या आवाजाने चित्र काढीत असे.

1957च्या जुलैत सी.बी.एस. या रेडिओ कंपनीने त्याला स्वतःचा साप्ताहिक कार्यक्रम दिला. जॅक बेनी या विख्यात विनोदी नटाची जागा त्याने घ्यावी, अशी कल्पना होती. बेनीचा कार्यक्रम कित्येक वर्षे सिगारेट कंपनीच्या पैशावर चालला होता. तसाच पुरस्कर्ता फ्रीबर्गलाही मिळण्यासारखा होता. त्याने सांगितले, तंबाखूचा पैसा नको. अर्धा तास विकत घेणारा पुरस्कर्ता काही मिळाला नाही. तेव्हा त्याने पुरस्कर्त्याच्या रिकाम्या जागेत खोट्या जाहिराती घातल्या. त्यातली एक 'फुगवलेल्या गवता'ची आहे: गाईला चालते, तर तुम्हाला का चालू नये? 15 कार्यक्रम झाले आणि ऑक्टोबरात खेळ आटोपला.

या 15 कार्यक्रमांतल्या दोन गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिल्याच कार्यक्रमात वाळवंटातल्या दोन जुगारखान्यांची चढाओढ आहे. एकाचे नाव 'एल सोडम', दुसऱ्याचे 'रँचो गोमोरा'. बायबलमधल्या दोन पापी नगरांवरून. गिऱ्हाईक ओढण्यासाठी ते अधिकाधिक भव्य तमाशे उभे करतात आणि शेवटी हायड्रोजन बाँबचाच देखावा लावतात. कंपनीला हा शेवट झेपला नाही. बाँब काढून भूकंप घाला, असे सांगण्यात आले. भूकंपाचे बरे असते. त्याची जबाबदारी कोणावरच पडत नाही!

दुसरी गोष्ट मिस्टर ट्वीडली यांची. फ्रीबर्ग नदीवरचे एक जुने प्रसिद्ध गाणे म्हणू लागतो. ट्वीडली हे नागरिकांच्या कसल्याशा समितीतर्फे बझर घेऊन शेजारी बसलेले आहेत. गाण्यात नदीला 'म्हातारा' म्हटले की बझर वाजतो. वृद्धांचा अपमान होतो, 'वयस्कर' म्हणा. पुढे व्याकरण चुकले, बझर. घामाचा उल्लेख आला, बझर. शेवटी गाणे इतके सभ्य होते की ते म्हणण्यात काही अर्थच उरत नाही. ही नक्कल ऐकताना मी पोट धरून हसलो. मिस्टर ट्वीडली पुढे माझ्याच खोलीत भेटणार आहेत, याची तेव्हा कल्पना नव्हती.

पुढच्याच वर्षी, 1958 साली, नाताळच्या सुमारास त्याने एक ध्वनिमुद्रिका काढली. डिकन्सच्या गोष्टीतला कंजूष स्क्रूज येथे जाहिरात कंपनीचा प्रमुख झाला आहे. मसाल्याचा छोटा व्यापारी क्रॅचिट भाबडेपणाने सुचवतो की, यंदा माल न विकता लोकांना नुसत्या शुभेच्छा पाठवाव्यात. स्क्रूजला हा वेडेपणा वाटतो. मुद्रिकेचा शेवट नाताळगीताच्या सुरात मिसळलेल्या गल्ल्याच्या खणखणाटाने होतो. जाहिरातवाले खवळले आणि काही रेडिओ केंद्रांनी ती लावण्याचे टाळले. गंमत पुढेच आहे. कोकाकोला आणि मार्लबोरो सिगारेट या दोघांनीही थोड्याच दिवसांत 'आमच्या जाहिराती करा' म्हणून त्याच्याकडे निरोप पाठवला. सिगारेटला त्याने नकार दिला. कोकाकोलाचे काम घेतले.

येथून पुढे त्याचे उभे आयुष्य जाहिरातीत गेले. त्याने काढलेल्या कंपनीचे नावच होते 'फ्रीबर्ग लिमिटेड (पण फारशी नाही)', आणि तिचे लॅटिन बोधवाक्य होते 'आर्स ग्राशिया पेकूनिए', म्हणजे पैशासाठी कला. हॉलिवूडच्या एका चित्रसंस्थेच्या सिंहाभोवती 'कलेसाठी कला' असे लिहिलेले असते, त्याची ही वात्रट नक्कल. आपल्यावर येणारा आरोप त्याने स्वतःच दारावर पाटी करून लावला होता म्हणा ना!

त्याच्या जाहिराती साध्या नव्हेत. सुक्या आलुबुखाराच्या जाहिरातीत एक नाकझाड्या गृहस्थ तक्रार करतो की, या फळात बी असते. बी काढून दिल्यावर म्हणतो, पण याला सुरकुत्या फार! कंपनीचे उत्तर असे की, आज बी गेली, उद्या सुरकुत्याही जातील. चुन किंग या डबाबंद चिनी जेवणाच्या जाहिरातीत 10पैकी 9 डॉक्टर मालाची शिफारस करतात. चेहरे दिसतात तेव्हा कळते की नऊ डॉक्टर चिनी आहेत! खप वाढला तर मालकाने फ्रीबर्गला रिक्षात बसवून स्वतः ओढायचे, अशी पैज लागली होती. लॉस एंजेलिसच्या भर रस्त्यात मालकाला ती रिक्षा खरोखरच ओढावी लागली. क्लिओ नावाची जाहिरातीची मानाची पारितोषिके त्याला 21 मिळाली. सारेच जमले असेही नाही. 1967 साली पॅसिफिक एअरलाइन्ससाठी त्याने 'विमानात बसताना तुम्हाला घाम फुटतो ना?' अशा धर्तीच्या जाहिराती लिहिल्या. भीती लपवू नका, बोलून टाका, हा त्याचा विचार. कंपनीतल्या काही बड्यांनाच ते सोसले नाही.

या साऱ्यात त्याची सर्वांत गाजलेली करामत रेडिओची आहे. एक सूत्रधार आज्ञा देतो. मिशिगन सरोवर आटवून त्यात गरम कोको भरलेला आहे. 700 फूट उंचीचा सायीचा डोंगर त्यात लोटला जातो. कॅनडाचे हवाई दल 10 टनांची चेरी घेऊन येते आणि सायीवर टाकते. 25,000 लोक जयजयकार करतात. 'हे दूरदर्शनवर करून दाखवा!' असे आव्हान तो देतो. दूरदर्शननेही कल्पनाशक्ती ताणली जाते की, असे कोणी म्हणताच उत्तर येते: होय, एकवीस इंचांपर्यंत. रेडिओची याहून सुंदर स्तुती मी ऐकलेली नाही. परंतु ती होती कशासाठी? व्यापाऱ्यांनी रेडिओवरची वेळ विकत घ्यावी म्हणून. जो रेडिओ त्याला स्वतःच्या विनोदासाठी 15 आठवड्यांहून अधिक मिळाला नाही, त्याच रेडिओचा गिऱ्हाइकांपुढचा वकील तो झाला.

तर मग तो विकला गेला का? माझ्या मित्राचा निकाल मला एकदम मान्य नाही. त्याने तंबाखू कधी विकली नाही. जाहिरातीतही त्याने विक्रेत्याच्या पोकळ ऐटीला टोचले, ऐकणाऱ्याला मूर्ख समजले नाही. पोट सर्वांना आहे. आणि ज्यांनी त्याच्या मोफत विनोदासाठी खिशात हात घातला नाही, त्या आम्ही श्रोत्यांनी त्याच्यावर कोणत्या तोंडाने खटला भरावा?

तरीही मित्राच्या म्हणण्यात एक अंश सत्य आहे आणि तो मला टाळता येत नाही. जाहिरातीतला विनोद कितीही धीट असो, तो एका उंबरठ्यापाशी थांबतोच. आलुबुखाराच्या सुरकुत्यांना हसता येते, मालकाला रिक्षा ओढायला लावता येते. परंतु 'ही वस्तू तुम्हाला हवी तरी कशाला?' हा प्रश्न विचारता येत नाही. नाताळच्या त्या ध्वनिमुद्रिकेत फ्रीबर्गने नेमका हाच प्रश्न विचारला होता. फुगवलेल्या गवतातही तोच होता. पुढच्या पारितोषिकांत मला तो कोठे ऐकू येत नाही. त्याचा विनोद कमी झाला नाही, त्याचे अंगण कमी झाले.

कोणी म्हणेल, मग रेडिओ सरकारच्या हाती असावा म्हणजे झाले. आपल्याकडे तसेच होते. 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी आमच्या आजीच्या घरातल्यासारखेच होते, आणि त्यांना साबण विकावा लागला नाही. आपल्या श्रोत्यांना टूथपेस्टच्या नावाची गीतमाला 1952 पासून ऐकावी लागली ती रेडिओ सिलोनवरून. विविध भारती 1957च्या ऑक्टोबरात सुरू झाली, म्हणजे फ्रीबर्गचा कार्यक्रम बंद पडला त्याच महिन्यात. आणि तिच्यावर जाहिराती आल्या 1 नोव्हेंबर 1967 पासून, मुंबई, पुणे आणि नागपूर येथे. परंतु व्यापारी नव्हता म्हणून बझर नव्हता, असे समजू नये. 1976 साली आणीबाणीत किशोरकुमारने सरकारच्या प्रचाराला सहकार्य दिले नाही, तर आकाशवाणीवरून त्याची गाणी बंद झाली. मालक बदलला की बझरचा हात बदलतो, एवढेच.

आता माझी गोष्ट पुरी करतो. यंदाच्या संमेलनासाठी शेलापागोटे लिहीत बसलो असता त्या कापड दुकानावर मला एक वाक्य सुचले. चांगले होते. मी ते कागदावर उतरवले, स्वतःशीच हसलो आणि खोडून टाकले. मालकांनी काही म्हटले नव्हते. प्राचार्यांनी म्हटले नव्हते. संमेलनाच्या समितीला त्या वाक्याचा पत्ताही नव्हता. दिवाळीला पुन्हा सेल लागणार, पुन्हा पाचशे रुपये मिळणार, एवढाच विचार मनात येऊन गेला आणि बझर वाजला. खोलीत दुसरे कोणी नव्हते. मिस्टर ट्वीडली मीच होतो.

फ्रीबर्गपाशी निदान शेजारी बसलेले ट्वीडली होते. त्यांच्याशी भांडता येत होते, त्यांची नक्कल करता येत होती. बझर आपल्याच हाती आला की नक्कल कोणाची करणार? पैसे घेणे हा गुन्हा नव्हे, असे मला आजही वाटते. दिवाळीत बोलावले तर मी कदाचित जाईनही. परंतु पैसे घेतल्यावर आपण काय खोडले, याचा हिशेब तरी प्रत्येक हसवणाऱ्याने ठेवावा. आपल्यापैकी कित्येक जण उद्या लेखणीवर, आवाजावर किंवा कुंचल्यावर पोट भरणार आहोत. कोणी नोकरीत, कोणी जाहिरातीत, कोणी कोठल्या पक्षाच्या कचेरीत. उंबरठे सर्वत्र आहेत. ते आपल्याला दिसेनासे होणे, हे विकले जाणे.

म्हणून ते खोडलेले वाक्य येथे देतो: 'या दुकानाचा शेवटचा आठवडा इतका मोठा आहे की, प्रथम वर्षात तेथून घेतलेला शर्ट फाटला, मी तृतीय वर्षात आलो, तरी आठवड्याचा सोमवारही उजाडलेला नाही.'

या अंकाच्या मागील पानांवर गावातल्या दुकानांच्या जाहिराती असतात, त्यांच्या पैशावर आपला अंक निघतो, आणि त्यात हेही दुकान असण्याचा संभव आहे. तेव्हा वरचे वाक्य छापायचे की नाही, हे संपादक मंडळाने ठरवावे. ते तुमच्या वाचनात आले असेल, तर यंदा आपल्या अंकापुरता तरी बझर वाजलेला नाही.

(तृतीय वर्ष, कला)