तबकडी आणि हात

पूर्व युरोपांतील यिडिशभाषी यहुदी लोकांच्या लग्नांत फिडल व क्लॅरिनेट यांवर वाजणारें संगीत म्हणजे क्लेझ्मर. ही विद्या बहुधा बापाकडून मुलाकडे जाई. दुसऱ्या महायुद्धांत नात्झींनीं साठ लाख यहुद्यांचा संहार केला. त्यांत किती वादक आणि किती चाली गेल्या, त्याची गणती नाहीं. अमेरिकेंत गेलेल्यांच्या मुलांस हे सूर जुनाट वाटूं लागले.

१९८० सालीं बॉस्टन येथील संगीतशिक्षक हँकस नेट्स्की यांनीं विद्यार्थी जमवून एका जलशापुरता ताफा उभारला. जुन्या तबकड्या ऐकून चाली बसविल्या. तो ताफा पुढें अनेक वर्षें टिकला.

आमच्या मतें तबकडी सूर सांठविते, परंतु जिवंत ठेवितात ते वाजविणारे हात. विद्यार्थिमित्रहो, घरीं आजीस ओव्या येत असतील तर त्या आजच शिकून घ्या.