वारा आहे, उतार कोठे?

समुद्रकाठी वसलेल्या शहराचा समुद्राशी संबंध किती, याचा हिशेब मांडला तर मुंबईची जमेची बाजू आश्चर्य वाटावे इतकी लहान निघेल. मरीन ड्राइव्हचा कट्टा, चौपाटीवरची भेळ, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आणि एलिफंटाची एखादी सहल, एवढ्यावर सामान्य कारकुनाचा वा विद्यार्थ्याचा समुद्र संपतो. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा लाभल्याचे शाळेत पाठ करून घेतले जाते. त्या किनाऱ्यावरून शिडाची होडी हाकता यावी, अशी अपेक्षा मात्र कोणी करीत नाही. हा खेळ धनिकांचा, असे एकदा ठरून गेले आहे. तो धनिकांचा का राहिला, याचे उत्तर होडीच्या किमतीत जितके आहे त्याहून अधिक ती पाण्यात उतरविण्याच्या जागेत आहे.

याला लहान कॅटामरानचे उदाहरण चांगले लागू पडते. दोन अरुंद, लांबट होड्या आडव्या दांड्यांनी जोडून मध्ये जाड कापड ताणावे, त्यावर डोलकाठी उभारावी, की ही नौका तयार होते. शब्द मूळचा तमिळ. बांधलेली लाकडे असा त्याचा अर्थ. कोरोमंडलच्या कोळ्यांचे हे ओंडके पाहून युरोपीयांनी ते नाव उचलले आणि पुढे जोडहोडीला लावले. १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियात होबी आल्टर यांनी आणलेली सोळा फुटी नौका यांपैकी सर्वांत परिचित. तिचे वजन दीड क्विंटलच्या आतबाहेर, डोलकाठी सुमारे आठ मीटर, आणि पाण्याखाली खोल जाणारी फळी मुळीच नाही. त्यामुळे तिला धक्का लागत नाही, यारी लागत नाही. चारजणांनी उचलून पुळणीवरून लोटली की ती तरंगते. बंदराच्या खर्चातून खेळ मुक्त करणारे हे साधन आहे. तिला हवी ती चार गोष्टींची जुळणी: स्थिर वारा, सौम्य ओहोळ, वाऱ्याच्या खालच्या अंगाला मोकळे पाणी आणि वाळूचा उतार.

मुंबईच्या पदरात निसर्गाने यांतील पहिली गोष्ट मुक्त हस्ताने टाकली आहे. पावसाळ्याचे चार महिने वगळले, तर ऑक्टोबरपासून मेपर्यंत सकाळी जमिनीकडून मंद मतलई वारा वाहतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो. भूगोलाच्या पुस्तकातील हा धडा येथे घड्याळ लावावे इतक्या नियमाने प्रत्ययास येतो. भरती-ओहोटीचे गणितही अवघड नाही. अमावास्या-पौर्णिमेस मुंबईत भरती दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण होते. तेव्हा उधाण असते, पाण्याची चढ-उतार कित्येकदा चार मीटरहून अधिक होते आणि दुपारभर पाणी वेगाने बाहेर ओढत राहते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. चढ-उतार त्याच्या निम्म्यावर येते आणि भरती संध्याकाळी सहाच्या आसपास पुरी होते. म्हणजे नवशिक्याने दुपारच्या वाऱ्यावर निघावयाचे तर पौर्णिमेपेक्षा अष्टमी उत्तम; वारा पडला तरी पाणी त्याला बाहेर नेणार नाही, आत आणील. कोणत्याही कोळीवाड्यातील तांडेलाला हे तोंडपाठ असते. शहरातील पदवीधराला कॅलेंडरावर तिथी दिसते, तिचा अर्थ दिसत नाही.

आता जागा पाहाव्या. गिरगाव चौपाटी नवशिक्याला सर्वांत सोयीची. वाळू आहे, उतार सौम्य आहे आणि मलबार हिलच्या आडोशामुळे खारा वारा वाहत असतानाही काठाशी लाटा फुटत नाहीत. पण तोच आडोसा वाऱ्याचे तुकडे करतो. टेकडीच्या छायेत शीड लुळे पडते आणि छाया संपताच अकस्मात भरते. शिवाय वायव्येचा वारा नौकेला ज्या दिशेने ढकलतो त्या दिशेला मरीन ड्राइव्हचे सिमेंटचे चौपायी ठोकळे आहेत. सुकाणू मोडलेल्या नौकेला तेथे थारा नाही. म्हणून चौपाटीवरून निघणाऱ्याने आधी वाऱ्याच्या अंगाला चढून जावे आणि मग खेळावे, हा नियम.

गेटवेसमोरील बंदराचे पाणी विस्तीर्ण आहे आणि खुल्या समुद्राच्या लाटांपासून सुरक्षित आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धा दिल्लीत झाल्या तरी शिडाच्या शर्यती याच बंदरात झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल वर्गात सुवर्णपदक मिळविले. परंतु तेथे प्रवासी लाँचेस, मालवाहू जहाजे आणि नौदलाचे निषिद्ध क्षेत्र यांच्या मधून वाट काढावी लागते. ओहोटीचा ओढ जबर. आणि काठाला वाळू नाही, दगडी भिंत आहे. पाण्यापर्यंतची वाट प्रामुख्याने क्लबांच्या दारातून जाते. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून उभा आहे. तेव्हापासून पाणी सर्वांचे आणि पायरी सभासदांची, ही स्थिती फारशी बदललेली नाही.

जुहूला वाळू भरपूर, पण वारा आणि लाट दोन्ही थेट किनाऱ्यावर येतात; फुटत्या लाटांतून नौका बाहेर काढणे हे मुरलेल्या हाताचे काम. अक्सा किनाऱ्याने किती तरुणांचे बळी घेतले हे वृत्तपत्रांच्या वाचकांना सांगावयास नको. मार्वे-मनोरीची खाडी आडोशाची आणि सुंदर, मात्र ती भरतीच्या वेळापुरती. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि तरीच्या फेऱ्यांना वाट द्यावी लागते. माहीमचा उपसागर उथळ असून मिठी नदी शहराची घाण त्यात ओतते. ठाण्याची खाडी तर वर्ज्यच मानावी. चिखल, पूल आणि विजेच्या तारा यांच्याशी अ‍ॅल्युमिनियमच्या डोलकाठीचे वैर आहे. शिवाय २०१५ पासून तिचा एक भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे, आणि तेथे शीड न दिसणेच योग्य. पवईच्या तलावात जलपर्णी आणि मगरी. विहार, तुळशी ही पिण्याच्या पाण्याची तळी. राहता राहिला पलीकडचा मांडवा, अलिबागचा किनारा. वाळू चांगली, पाणी मोकळे. पण तेथपर्यंत जाण्यायेण्यात अर्धा रविवार आणि पगाराचा एक तुकडा खर्ची पडतो.

या यादीतून एक गोष्ट स्पष्ट होते. वारा फुकट आहे, पाणी फुकट आहे. दुर्मीळ आहे तो उतार. ज्या वस्तूची टंचाई तिच्या मालकाच्या हाती किंमत ठरविण्याची शक्ती येते, हा अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा धडा. होडी आठवड्यातून चार तास वापरली जाते आणि उरलेला वेळ जागा अडवून पडून राहते. जागेचे भाडे अवास्तव असलेल्या शहरात एकेकट्याने ती बाळगणे म्हणजे उधळपट्टी. तीच होडी दहा महाविद्यालयांनी मिळून बाळगली तर दरडोई खर्च क्रिकेटच्या साहित्याच्या आसपास येऊ शकेल. राष्ट्रीय छात्रसेनेची नौदल शाखा विद्यार्थ्यांना शिडाची होडी हाकावयास शिकवते, म्हणजे शिक्षणाची परंपराही आहे. अभाव आहे तो छात्रसेनेतून बाहेर पडलेल्या तरुणाला पुढे जाण्याच्या सार्वजनिक जागेचा.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला सुरक्षिततेचा. २००८ च्या नोव्हेंबरातील हल्लेखोर समुद्रमार्गे आले, हे मुंबई विसरू शकत नाही. पण नोंदणी केलेल्या, ठळक क्रमांकाच्या आणि ठरावीक जागेवरूनच उतरणाऱ्या नौका पहाऱ्याला अडचण करीत नाहीत. उलट किनाऱ्यावर जाणती माणसे असण्याने पहारा बळकटच होतो. दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा, कारण तो हक्काचा आहे. किनारा आधी कोळ्यांचा आहे. सागरी किनारा मार्गाच्या पुलाच्या खांबांमधील अंतर साठ मीटर ठेवण्याचा बेत होता. वरळीच्या मच्छीमारांनी दीर्घकाळ विरोध केल्यानंतर २०२२ साली ते १२० मीटर करण्याचे मान्य झाले. पोटासाठी समुद्रात जाणाऱ्यालाच जेथे वाटेसाठी इतके झगडावे लागते, तेथे हौसेच्या होड्यांनी त्याच्या पुळणीवर अतिक्रमण करणे हा अन्याय ठरेल. त्यामुळे खेळाची जागा कोळीवाड्याच्या संमतीने ठरावी, जाळ्यांच्या जागा नकाशावर दाखवून वर्ज्य कराव्यात, आणि प्रशिक्षक व बचाव-होडीचे नाखवा म्हणून कोळी तरुणांना पगारी कामावर घ्यावे. ज्ञान त्यांचे असेल तर त्याचे मोलही त्यांनाच मिळाले पाहिजे.

२०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या त्याच किनारा मार्गासाठी १११ हेक्टर समुद्र बुजविण्यात आला. त्या भरावावर बागा होतील, चालण्याचे मार्ग झाले आहेत, हे स्वागतार्हच. परंतु जनतेचा समुद्र घेऊन जनतेला समुद्राचे केवळ दर्शन परत देणे हा पुरता व्यवहार नव्हे. महानगरपालिका व महाराष्ट्र सागरी मंडळ यांनी चौपाटी, मार्वे आणि मांडवा येथे प्रत्येकी एक सार्वजनिक उतार, होड्या ठेवण्याची साधी पत्र्याची छपरी, भरतीचे वेळापत्रक लावलेला फलक आणि सुटीच्या दिवशी एक बचाव-होडी एवढीच व्यवस्था करावी. एखाद्या उड्डाणपुलाच्या खर्चापुढे हा खर्च नगण्य ठरेल. प्रवेशाला सभासदत्वाची अट नसावी. पोहता येणे आणि तरंगण्याचे जाकीट अंगावर असणे, या दोन अटी पुरेत.

मुंबईच्या शिक्षकाने मतलई आणि खारे वारे फळ्यावर शिकवावेत आणि त्याच्या विद्यार्थ्याने ते कधीही शिडात भरलेले पाहू नयेत, ही अवस्था शहराला भूषणावह नाही. ती पालटण्यासाठी समुद्र विकत घ्यावा लागणार नाही. त्यात उतरण्याची वाट तेवढी मोकळी करावी लागेल.