एका अक्षराचे मोल

आमच्या पेढीच्या मागील खोलीत एक लाकडी कपाट आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचे जाडजूड कॅटलॉग ओळीने उभे आहेत. शेतीपंपाच्या स्टार्टर पेटीत बसणारे टायमर तयार करणे हा आमचा जुना व्यवसाय, आणि त्यासाठी लागणाऱ्या मालाची खरेदी चाळीस वर्षे आप्पांकडे, म्हणजे माझ्या थोरल्या काकांकडे होती. कॅटलॉगमध्ये पेन्सिलीने खूण करावी आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील दुकानदारास दूरध्वनी करावा, ही त्यांची रीत.

आता ते कपाट क्वचितच उघडते. अमेरिकेतील डिजी-की, माउझर यांसारखे मोठे वितरक एके काळी शेकडो पानांचे कॅटलॉग छापत असत. आज खरेदी पडद्यावरच होते. दोन वर्षांपूर्वी आप्पांनी हे काम माझ्या पुतण्याच्या हाती सोपविले. त्याच्या पहिल्याच मोठ्या मागणीत जे घडले, ते पुष्कळ पेढ्यांच्या उपयोगाचे आहे, म्हणून येथे सांगतो.

आमच्या टायमरचा प्राण म्हणजे ‘५५५’ ही आयसी. ती १९७२ साली बाजारात आली आणि आजही विकली जाते. पुतण्याने पडद्यावर तो आकडा शोधला, त्यातल्या त्यात स्वस्त भाव पाहिला आणि पाचशे नग मागविले. माल आला. आप्पांनी एक नग जुन्या पट्टीवर ठेवून पाहिला आणि ते स्तब्ध राहिले. आमच्या पट्टीवरील भोकांत २.५४ मिलिमीटरचे अंतर. आलेल्या आयसीच्या पिनांत त्याच्या निम्मे, १.२७ मिलिमीटर. आम्हांस हवी होती ‘एनई५५५पी’, भोकांत पिना घालून डाग देण्याची. आली होती ‘एनई५५५डीआर’, पृष्ठभागावर चिकटणारी. फरक शेवटच्या अक्षरांचा होता.

कापलेल्या पट्टीतील माल परत घेणे त्या पुरवठादाराच्या नियमांत बसत नव्हते. पैशाचे नुकसान फार नव्हते. परंतु गिऱ्हाइकाच्या पेट्या अकरा दिवस अडल्या. शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मिळेल त्या भावाने माल आणावा लागला.

पुतण्या खाली मान घालून म्हणाला, “आप्पा, माझी चूक झाली.”

आप्पा म्हणाले, “चूक तुझी एकट्याची नाही रे. मी जन्मभर ‘पाचशे पंचावन्न द्या’ एवढेच म्हणत आलो. आपली पट्टी कोणती, हे दुकानदारास ठाऊक होते. मी ते अक्षर कधी वहीत लिहिलेच नाही.”

या बोलण्यात साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. जुना दुकानदार केवळ माल देत नसे. आपली गरज तो ध्यानात ठेवीत असे. पडद्याला आपली पट्टी ठाऊक नसते. जे दुकानदाराच्या स्मरणात होते, ते आता आपल्या वहीत असावयास हवे.

त्यानंतर पेढीत काही नियम ठरले. पहिला, मागणी नेहमी पूर्ण क्रमांकाने करावयाची, शेवटच्या अक्षरासह. दुसरा, उत्पादक कंपनीचे माहितीपत्रक, ज्याला डेटाशीट म्हणतात, ते उघडून पाहावयाचे. त्यात क्रमांकांची फोड व आकृती दिलेली असते. ती आकृती खऱ्या मापात कागदावर छापून त्यावर जुना नग ठेवला, की पिनांचे अंतर डोळ्यांनी पडताळता येते.

तिसरा नियम गाळणीच्या क्रमाचा. हजारो नगांच्या यादीतून प्रथम शिल्लक असलेला माल निवडावा, मग बांधणी, मग व्होल्टेज व तापमान, आणि भाव सर्वांत शेवटी. भाव आधी पाहिला की नजर तेथेच अडकते. तापमानाचे महत्त्व आम्हांस यातूनच कळले. ‘एनई’ आयसी ७० अंश सेल्सिअसपर्यंतची. ‘एसए’ ८५ अंशांपर्यंतची. शेतात उन्हात तापणाऱ्या लोखंडी पेटीसाठी दुसरीच योग्य, हे आमच्या ध्यानी इतकी वर्षे आले नव्हते.

चौथा, त्या भागाचे उत्पादन चालू आहे की बंद होत आले आहे, हे पाहावे. ‘ऑब्सोलीट’ असा शेरा असल्यास नवी वस्तू त्यावर बेतू नये. अधिकृत वितरकाऐवजी अनोळखी ठिकाणी फारच स्वस्त मिळणारा नग घासून नवे नाव छापलेलाही असू शकतो.

पाचवा, खरा भाव काढावा. एक, दहा, शंभर, हजार नगांचे दर निरनिराळे असतात. त्यावर वाहतूक, परदेशी माल असल्यास सीमाशुल्क व कर, हे सारे मिळवून मगच तुलना करावी. आमच्या अनुभवात स्वस्त दिसणारा दर घरी पोहोचेपर्यंत अनेकदा महाग ठरला आहे.

आता दर शनिवारी दुपारी आप्पा आणि पुतण्या शेजारी बसतात. आप्पा जुनी पट्टी भिंगाखाली धरून सांगतात. पुतण्या पूर्ण क्रमांक, माहितीपत्रक, पर्यायी नग आणि शेवटचा खरेदीभाव नोंदवितो. आतापर्यंत आमच्या टायमरमधील निम्म्याहून अधिक भागांची नोंद झाली आहे. प्रत्येक नोंदीची एक प्रत संगणकात आणि एक कागदावर राहते.

आपल्या पेढीतही असे एखादे आप्पा असतील, ज्यांच्या बोटांना माल ठाऊक आहे पण वहीला नाही. त्यांच्याजवळ एक शनिवार बसावे. त्या कपाटातील एका खणात आता आमचा स्वतःचा कॅटलॉग उभा राहू लागला आहे, आणि त्याच्या पहिल्या पानावर आप्पांच्या हस्ताक्षरात ‘पी’ हे अक्षर ठळक लिहिलेले आहे.