खून पचतो तेव्हा

पीटर लॉरेचं नाव आठवलं नाही तरी चेहरा आठवतो. ‘कॅसाब्लांका’त सुरुवातीलाच पोलिसांच्या हाती सापडणारा, बटबटीत डोळ्यांचा, लोण्यासारख्या आवाजाचा तो बुटका माणूस. त्याने आयुष्यात एकच सिनेमा दिग्दर्शित केला, ‘डेर फर्लोरेने’, म्हणजे ‘हरवलेला’. मुख्य भूमिकाही त्याचीच. १९५१ साली तो पश्चिम जर्मनीत लागला आणि सपशेल पडला. लॉरे अमेरिकेला परतला, पोटासाठी मिळतील त्या भूमिका करत राहिला आणि १९६४ मध्ये गेला. सिनेमाचे दिवस पालटले ते १९८४ च्या सुमारास. त्या वर्षी तो न्यूयॉर्कमध्ये लागला आणि हारून फारोकीने फेलिक्स हॉफमानबरोबर लॉरेवर माहितीपट केला. तेव्हापासून एका बाजूला ‘हरवून सापडलेलं रत्न’ म्हणून आरती चालू आहे, तर दुसऱ्या बाजूला ‘एवढं काय आहे त्यात?’ म्हणून नाकं मुरडणं. माझं भांडण दोघांशी आहे, नाकं मुरडणाऱ्यांशी जरा जास्त.

आधी गोष्ट. युद्ध संपलंय. निर्वासितांच्या छावणीत डॉ. नॉयमायस्टर लोकांना लस टोचतोय. मदतनीस म्हणून नोवाक नावाचा माणूस हजर होतो. दोघं एकमेकांना ओळखतात आणि दोघांचीही नावं खोटी आहेत. डॉक्टर म्हणजे रोठे, नोवाक म्हणजे होएश. रात्री कँटीनमध्ये बाटली उघडते, सिगारेटीमागून सिगारेट पेटते आणि युद्धातलं हॅम्बुर्ग वर येतं. रोठेच्या वाग्दत्त वधूने त्याच्या संशोधनातली माहिती शत्रूला पुरवली, हे त्याला सांगणाऱ्यांत हा होएशच होता. रोठेने तिचा गळा आवळला. पुढे काय झालं? काहीच नाही. सरकारला त्याचं संशोधन हवं होतं. मृत्यू आत्महत्येच्या खात्यावर मांडला गेला, फाइल बंद झाली. डॉक्टरसाहेब, उद्यापासून कामाला या.

आपण याला ‘खून पचणं’ म्हणतो. इथे पचवला सरकारने आणि अजीर्ण झालं रोठेला.

पहिला आक्षेप असा की हा ‘एम’चाच उष्टा घास आहे. फ्रित्स लांगच्या १९३१ च्या त्या सिनेमात लॉरे लहान मुलींचा खुनी झाला होता. वीस वर्षांनी त्याने तोच माणूस कोट बदलून पुन्हा उभा केला, एवढंच. चेहरा तोच आहे, हे कोण नाकारतो? पण चेहऱ्याभोवतीचं शहर बघा. ‘एम’मध्ये पोलीस त्याच्या मागे आहेत, भुरटे चोर आणि भिकारीही मागे आहेत. शेवटी गुन्हेगारच दारूच्या एका बंद कारखान्यात त्याच्यावर खटला भरतात. खोटा का होईना, पण खटला. वीस वर्षांनी त्याच चेहऱ्याच्या मागे कुणीही नाही. दारं उघडी आहेत, पगार चालू आहे, वरिष्ठ पाठ थोपटताहेत. पहिला सिनेमा पाठलागाचा आहे, दुसरा पाठलागच होत नाही याचा. याला नक्कल म्हणणाऱ्याने दोन्हीपैकी एक सिनेमा झोपेत पाहिला असावा.

रोठेवर आरोप करणारी एकच व्यक्ती सिनेमात भेटते. ती रस्त्यावर धंदा करणारी बाई. जिन्यात ती त्याला सोबत घेऊन निघते, त्याच्या डोळ्यांत पाहते आणि थबकते. तिला कळतं, हा जीव घेणारा माणूस आहे. ती ओरडते. ज्यांच्याकडे पोलीस, न्यायालय, शिक्के सगळं आहे त्यांना जे दिसत नाही, ते हिला जिन्यातल्या उजेडात दिसतं. हा प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. लॉरे काही करत नाही, फक्त तिच्याकडे बघतो, आणि त्या बघण्यात पकडलं गेल्याची भीती जेवढी आहे तेवढीच कुणीतरी ओळखल्याची सुटकाही आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. लाखोंच्या संहाराला लॉरेने एका विकृत माणसाच्या खाजगी खुनाएवढं करून टाकलं, असं म्हणतात. छळछावण्या कुठे आहेत? ज्यू कुठे आहेत? खरंच, पडद्यावर ते नाहीत. पण हे लपवणारा माणूस कोण, तेही पाहा. लॉरे स्वतः ज्यू, मूळ नाव लास्लो लोवेनस्टाइन. १९३३ मध्ये त्याने जर्मनी सोडली. १९४० च्या ‘डेर एविगे युडे’ या प्रचारपटात नाझींनी त्याचाच ‘एम’मधला तुकडा ज्यूंविरुद्ध पुरावा म्हणून जोडला. अशा माणसाला संहाराचा विसर पडला असं समजणं म्हणजे आपली अक्कल गहाण टाकणं. गुन्हा किती मोठा, हे मोजायला तो बसलेला नाही. गुन्ह्याची विल्हेवाट कशी लागते ते तो दाखवतो आणि त्यासाठी एक प्रेत पुरतं.

मात्र एक मान्य करतो. मरणाऱ्या बायका या सिनेमात निमित्तापुरत्या आहेत. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजल्यावर रिकाम्या झालेल्या आगगाडीच्या डब्यात जी मरते, तिला तर धड ओळखही मिळत नाही. याचं समर्थन मला जमत नाही. हिटलरविरोधी कटाचं उपकथानकही गुंतवळ झालंय. दुसऱ्यांदा पाहतानाही माझा धागा सुटला. रत्न म्हणणाऱ्यांनी एवढं तरी कबूल करावं.

तिसरा आक्षेप योगायोगाचा: दोन खोट्या नावांची माणसं नेमकी एका छावणीत कशी भेटतील? त्या काळातलं वास्तव सिनेमापेक्षा निर्लज्ज होतं. मनोरुग्ण आणि अपंगांना विषारी वायूने मारणाऱ्या मोहिमेतला एक प्रमुख डॉक्टर, वेर्नर हायडे, १९४७ मध्ये निसटला आणि फ्लेन्सबुर्गमध्ये डॉ. फ्रित्स सावाडे या नावाने राहू लागला. नुसता राहिला नाही, न्यायालयांना तज्ज्ञ म्हणून अहवाल देत होता. १९५९ पर्यंत. खरी ओळख ठाऊक असलेले अधिकारी आणि डॉक्टर आसपास होते. लॉरे हॅम्बुर्गमध्ये कॅमेरा लावत होता तेव्हा हायडेचं घर दीडशे किलोमीटरवर होतं.

आणि वर्ष कोणतं? १९५१. जानेवारीत अमेरिकन उच्चायुक्त मॅक्लॉयने न्युरेंबर्गच्या कैद्यांना सवलती दिल्या, फेब्रुवारीत उद्योगपती क्रुप सुटला. मे महिन्यात कायदा झाला आणि युद्धानंतर घरी बसवलेल्या बहुतेक सरकारी नोकरांचा परतीचा रस्ता मोकळा झाला. नाझी नसल्याच्या दाखल्याला लोक तोवर ‘पर्सिल’चा कागद म्हणू लागले होते, पर्सिल ही तिथली कपडे धुण्याची पावडर. आपल्याकडच्या राजकारणात आता वॉशिंग मशीन आलंय, जर्मनांचं पुडीवर भागत होतं. सप्टेंबरमध्ये ‘डेर फर्लोरेने’ लागला: स्वतःला मिळालेला धुतलेला कागद सहन न होणाऱ्या माणसाची गोष्ट.

लोक युद्धाच्या गोष्टींना कंटाळले होते म्हणून तो पडला, हे स्पष्टीकरण मला पटत नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये ‘ग्र्यून इस्ट डी हायडे’ आला आणि तुफान चालला. त्यातही निर्वासित आहे, पूर्वेकडचा जमीनजुमला गमावलेला जमीनदार. चोरून शिकार करतो, पण हिरव्यागार माळावर गाणी होतात आणि सगळं गोड होतं. सोसलेला निर्वासित प्रेक्षकांना हवा होता. निर्वासितांची छावणी म्हणजे लपायची जागा, हे नको होतं.

म्हणूनच ‘हरवून सापडलेला’ हे विशेषण मला खटकतं. सिनेमा हरवला नव्हता, तो पाहायचा नव्हता.

आता शेवट पाहा. १९४६ मध्ये दिग्दर्शक श्टाउड्टेच्या ‘डी म्योर्डर झिंड उंटर उन्स’ या सिनेमात नायक युद्धगुन्हेगारावर पिस्तूल रोखतो, पण त्याला अडवलं जातं, न्याय न्यायालयाने करायचा. मूळ संहितेत गोळी सुटत होती, सोव्हिएत अधिकाऱ्यांनी शेवट बदलायला लावला. लॉरेला अडवायला कुणी नव्हतं. रोठे होएशला गोळी घालतो. मग पहाटेच्या उजेडात रेल्वेच्या रुळांवर जाऊन उभा राहतो. गाडी येते, तेव्हा तो एक हात उचलून चेहरा झाकतो. ज्या चेहऱ्यावर लॉरेची सगळी कारकीर्द उभी होती, तोच.